ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर साइन, कॉस, टॅनचे आलेख: कशानंतर काय करायचं आणि नेमकं कुठे चुकतं

मुंबई-पुण्यात आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) करणारी मुलं असोत, की अमेरिकेत एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) प्रीकॅल्क्युलस शिकणारी मराठी घरांतली मुलं असोत, माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी तीनच असतात. ‘नुसती आडवी रेघ येते.’ ‘पडद्यावर काहीच दिसत नाही.’ ‘लाट येते, पण पुस्तकातल्यासारखी नाही.’ कॅल्क्युलेटर बिघडलेला नसतो आणि बटणंही मुलांना माहीत असतात. चुकतो तो क्रम. समीकरण घाईने टाकायचं, ग्राफचं बटण दाबायचं आणि मग झूम कमी-जास्त करत बसायचं, असं चालतं. ही सवय मोडली की निम्म्याहून जास्त चुका आपोआप जातात.

इथे सगळं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ प्लसवर सांगतो. रंगीत पडद्याच्या सीई मॉडेलवर बटणं जवळपास तीच आहेत. बटणांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. ‘वाय=’, ‘विंडो’, ‘झूम’, ‘ट्रेस’ आणि ‘ग्राफ’ ही पाच बटणं पडद्याखालच्या ओळीत आहेत. ‘सेकंड’ डावीकडे आहे आणि त्याच्या शेजारी ‘मोड’.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू (‘पाय’ म्हणजे π):

वाय = ३ साइन(२एक्स − पाय÷३) + १

## टप्पा १: कॅल्क्युलेटर जागेवर आणा

‘मोड’ दाबा. कोनाच्या ओळीत ‘रेडियन’ आणि ‘डिग्री’ असे दोन पर्याय आहेत. समीकरणात पाय असेल किंवा एक्स म्हणजे वेळ, दिवस, अंतर असं काही असेल, तर रेडियन. प्रश्नात अंशांचं चिन्ह असेल तरच डिग्री. बाणाने पर्यायावर जाऊन ‘एंटर’ दाबायला विसरू नका. नुसता कर्सर नेऊन बाहेर पडलात तर निवड बदलत नाही, आणि ही चूक मी दर आठवड्याला पाहतो.

त्याच पडद्यावर आलेखाचा प्रकार ‘फंक्शन’ आहे ना, तेही बघा. कुणी तो ‘पोलर’ किंवा ‘पॅरामेट्रिक’ करून ठेवला असेल, तर ‘वाय=’मध्ये वाय१ ऐवजी भलतंच काही दिसतं.

मग ‘सेकंड’ आणि ‘वाय=’ दाबून स्टॅट प्लॉट उघडा आणि तिन्ही प्लॉट बंद करा. मागच्या आठवड्यात संख्याशास्त्राचा तास झाला असेल तर एखादा चालू राहिलेला असतो. त्यामुळे तुमच्या लाटेवर ठिपके पडतात किंवा ‘इनव्हॅलिड डिम’ अशी चूक येते. मुलं मग समीकरणात दोष शोधत बसतात आणि तिथे दोष नसतोच.

तपासणी: मुख्य पडद्यावर साइन(पाय÷२) काढा. १ आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे. ०.०२७४ आलं तर डिग्रीमध्ये. पाय मिळतं ‘सेकंड’ आणि घाताच्या बटणाने. ३.१४ टाकू नका. शेवटी मुळं आणि छेदनबिंदू काढताना तो फरक डोकं वर काढतो.

कॅसिओचा एफएक्स-सीजी५० असेल, तर कोनाचं एकक ‘शिफ्ट’ आणि ‘मेन्यू’ दाबून येणाऱ्या सेटअपमध्ये आहे. डेसमॉस हे ऑनलाइन ग्राफिंग कॅल्क्युलेटर मुळात रेडियनमध्ये उघडतं आणि पान्याच्या चिन्हावर बदलता येतं. पुढच्या टप्प्यांचा क्रम तिन्हींना लागू आहे, बटणं मात्र टीआय-८४ची आहेत.

## टप्पा २: कॅल्क्युलेटर बाजूला, कागद पुढे

बहुतेक जण हा टप्पा गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

समीकरण या रूपात आणा: वाय = अ साइन(ब(एक्स − क)) + ड. यातला अ म्हणजे आयाम, मध्यरेषेपासून लाट किती वर-खाली जाते ते. ब आवर्तन ठरवतो (आवर्तन म्हणजे एका पूर्ण लाटेची आडवी लांबी, २पाय÷ब), क लाटेची आडवी सरक सांगतो आणि ड म्हणजे मध्यरेषेची उंची.

आपल्या उदाहरणात कंसातून २ बाहेर काढावा लागतो: २एक्स − पाय÷३ = २(एक्स − पाय÷६). म्हणजे सरक पाय÷६ आहे, पाय÷३ नाही. कंसातला आकडा जसाच्या तसा उचलणं ही या धड्यातली सगळ्यात जास्त होणारी चूक. शंका आली तर कंसातली राशी शून्य कधी होते ते सोडवा. २एक्स = पाय÷३, म्हणून एक्स = पाय÷६. यात चूक होऊच शकत नाही, म्हणून सूत्र पाठ करण्यापेक्षा मी हेच करायला सांगतो.

- आयाम: ३
- मध्यरेषा: वाय = १, म्हणून लाट −२ ते ४ यांच्यामध्ये
- आवर्तन: २पाय÷२ = पाय
- एका लाटेची सुरुवात: एक्स = पाय÷६

आता आवर्तनाचे चार समान भाग करा. प्रत्येक भाग पाय÷४. पाय÷६ पासून निघून चार वेळा पाय÷४ मिळवत गेलं की पाच बिंदू हाती येतात:

- एक्स = पाय÷६ (०.५२३६), वाय = १
- एक्स = ५पाय÷१२ (१.३०९०), वाय = ४
- एक्स = २पाय÷३ (२.०९४४), वाय = १
- एक्स = ११पाय÷१२ (२.८७९८), वाय = −२
- एक्स = ७पाय÷६ (३.६६५२), वाय = १

हे पाच बिंदू कागदावर असले की पडद्यावर काय दिसायला हवं ते तुम्हाला आधीच माहीत असतं. नसले की पडदा जे दाखवेल त्यावर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय उरत नाही.

सावध: अ ऋण असेल तर लाट उलटते. मध्यरेषेवरून निघून आधी खाली जाते. आयाम मात्र धनच सांगायचा. −२ साइनचा आयाम २.

## टप्पा ३: समीकरण टाका

‘वाय=’ उघडा आणि जुनी समीकरणं ‘क्लिअर’ने पुसा. पुसायची नसतील तर निदान बंद करा: कर्सर बरोबरच्या चिन्हावर नेऊन ‘एंटर’. ते चिन्ह ठळक नसलं की ते समीकरण काढलं जात नाही. उलट चूकही होते. समीकरण समोर दिसतंय, पण आलेख येत नाही, तेव्हा हेच चिन्ह बघा.

टाकताना तीन ठिकाणी बोट घसरतं.

कंस. ‘साइन’ दाबलं की कॅल्क्युलेटर कंस स्वतः उघडतो, पण बंद करत नाही. शेवटचा कंस विसरलात तर तो निमूट धरून घेतो आणि चूक दाखवत नाही. धोका त्यातच आहे. ३साइन(२एक्स−पाय÷३+१ असं टाकलंत तर तो +१ कंसाच्या आत गेला. लाट वर सरकायची ती डावीकडे सरकली. आलेख छान गुळगुळीत दिसेल आणि साफ चुकीचा असेल.

उणे. वजाबाकीचं बटण वेगळं आहे आणि ऋण चिन्हाचं वेगळं. ऋण चिन्ह सगळ्यात खालच्या ओळीत, कंसात छापलेलं आहे. समीकरण ऋण संख्येने सुरू होत असेल आणि तुम्ही वजाबाकी दाबली, तर ‘सिंटॅक्स’ची चूक येते.

घात आणि व्यस्त. साइन वर्ग एक्स टाकायचा तर (साइन(एक्स))² असं लिहा. साइन(एक्स²) ही वेगळीच गोष्ट आहे. आणि ‘सेकंड’ दाबून साइनवर जे −१ घाताचं चिन्ह येतं ते व्यस्त फलन आहे, कोसेकंट नव्हे. कोसेकंटसाठी १÷साइन(एक्स), सेकंटसाठी १÷कॉस(एक्स). कोटँजंट १÷टॅन(एक्स) असा टाकला तर पाय÷२ वर टॅनच नसल्यामुळे तिथला बिंदू गळतो. वास्तविक तिथे उत्तर शून्य आहे. कॉस(एक्स)÷साइन(एक्स) टाका.

## टप्पा ४: विंडो, हाताने

आता ‘विंडो’. दोन आवर्तनं दिसावीत असं बघा. सुरुवातीच्या बिंदूच्या एक आवर्तन मागे आणि एक आवर्तन पुढे:

- एक्समिन: −५पाय÷६
- एक्समॅक्स: ७पाय÷६
- एक्सस्केल: पाय÷१२
- वायमिन: −३
- वायमॅक्स: ५
- वायस्केल: १

पाय असलेली राशी इथे थेट टाकता येते. ‘एंटर’ दाबताच ती दशांशात दिसते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अक्षावरच्या खुणा शून्यापासून मोजल्या जातात. म्हणून पाय÷१२ घेतलं, म्हणजे आपले पाचही बिंदू बरोबर खुणेवर येतात. उंचीसाठी साधा नियम ठेवा: लाटेच्या वर आणि खाली प्रत्येकी एक घर मोकळं.

आता ‘ग्राफ’ दाबा. झूम नाही. विंडो नीट भरून मग सवयीने ‘झूम’ ६ दाबणारी मुलं मी कितीतरी पाहिली आहेत. तो −१० ते १० अशी चौकट लावतो आणि तुमचे सगळे आकडे पुसतो. झालंच असं, तर ‘झूम’मध्ये उजवीकडे ‘मेमरी’त जाऊन ‘झेडप्रीव्हियस’ निवडा. आधीची चौकट परत येते.

‘झूम’ ७, म्हणजे झेडट्रिग, उपयोगी आहे, पण साध्या साइन-कॉसची ओळख करून घेण्यापुरता. कृष्णधवल टीआय-८४ प्लसवर तो रेडियनमध्ये सुमारे −६.१५ ते ६.१५ अशी रुंदी आणि −४ ते ४ अशी उंची देतो. १२ आयामाची लाट त्यात पूर्ण दिसणारच नाही.

सावध: ‘विंडो रेंज’ची चूक आली तर मिन हा मॅक्सपेक्षा मोठा किंवा त्याच्याएवढा झालाय. बहुतेक वेळा ऋण चिन्ह राहिलेलं असतं.

### पडदा खोटी लाट का दाखवतो

कृष्णधवल टीआय-८४ प्लसचा आलेख ९५ उभ्या रांगांत बसतो. कॅल्क्युलेटर प्रत्येक रांगेसाठी एक किंमत काढतो आणि शेजारचे बिंदू जोडतो. दोन रांगांच्या मध्ये काय घडतं हे तो बघत नाही.

स्वतः करून बघा. रेडियनमध्ये झेडट्रिग लावा. आता दोन रांगांतलं अंतर बरोबर पाय÷२४ आहे. वाय१ मध्ये साइन(४८एक्स) टाका. प्रत्येक रांगेवर कोन २पायच्या पटीत येतो, म्हणून पडद्यावर अक्षाला चिकटलेली रेघ दिसते. आता ४८ च्या जागी ४७ करा. एक सुंदर, संथ, उलटी साइन लाट दिसेल, जणू तुम्ही −साइन(एक्स) टाकलंय. खरी लाट तिच्या ४७ पट दाट आहे. रंगीत सीईवर रांगा २६५ आहेत, त्यामुळे तिथे हेच आकडे चालणार नाहीत, पण कारण तेच.

प्रत्यक्ष परीक्षेत ही चूक वेगळ्या वेषात येते. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आणि विंडो −३६० ते ३६०. दोन रांगांतलं अंतर झालं ७.६६ आणि आवर्तन फक्त ६.२८. एका पावलात अख्खी लाट ओलांडली जाते आणि पडद्यावर करवतीचे दात दिसतात. उलट, डिग्रीमध्ये −६.१५ ते ६.१५ अशी चौकट लावली तर साइन ०.११ च्या वर जातच नाही. पहिल्या तक्रारीतली ‘आडवी रेघ’ हीच.

मी मुलांना सांगतो की कृष्णधवल पडद्यावर एका चौकटीत चारपेक्षा जास्त आवर्तनं ठेवू नका. प्रत्येक लाटेला वीसेक रांगा तरी मिळायला हव्यात.

## टप्पा ५: पडद्यावर विश्वास ठेवण्याआधी

‘सेकंड’ आणि ‘विंडो’ दाबून सारणीची मांडणी उघडा. सुरुवात पाय÷६, वाढ पाय÷४. मग ‘सेकंड’ आणि ‘ग्राफ’. वायच्या स्तंभात १, ४, १, −२, १ असं यायला हवं. आलं तर समीकरण बरोबर पडलंय.

जुळलं नाही तर एक्स = ० ला काय येतं ते बघा: ‘सेकंड’, ‘ट्रेस’, पहिला पर्याय ‘व्हॅल्यू’, मग ०. −१.५९८ यायला हवं. ०.९४५ आलं तर कॅल्क्युलेटर डिग्रीमध्ये आहे. तिसरंच काही आलं तर कंस तपासा.

## टप्पा ६: मुळं, शिखरं, छेदनबिंदू

‘ट्रेस’ने कर्सर हलवत शिखर शोधू नका. तो रांगेवरून रांगेवर उडी मारतो, त्यामुळे शिखराच्या जवळ पोचतो, शिखरावर नाही. ‘सेकंड’ आणि ‘ट्रेस’ने कॅल्कची यादी उघडा. २ शून्यासाठी (म्हणजे मुळासाठी), ३ किमान, ४ कमाल, ५ छेदनबिंदू.

तो डावी सीमा विचारतो, मग उजवी, मग अंदाज. लाटेला शिखरं पुष्कळ असतात, म्हणून दोन सीमांमध्ये एकच शिखर पकडा. शून्य शोधताना वायच्या जागी −१ई−१३ (म्हणजे −१ गुणिले १० चा −१३वा घात) असं काही दिसलं तर ते शून्यच समजायचं. मुलं त्यातला पहिला −१ तेवढा वाचून उत्तरपत्रिकेत लिहितात, म्हणून मुद्दाम सांगतो.

एक खरंखुरं उदाहरण घेऊ. मुंबईत २१ जूनच्या सुमारास दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, २१ डिसेंबरच्या सुमारास साधारण ११ तासांचा. मध्य १२.१, आयाम १.१, आवर्तन ३६५ दिवस. लाट मध्यरेषेवरून वर निघते ती २१ मार्चला, म्हणजे वर्षाच्या ८०व्या दिवशी. म्हणून:

वाय१ = १.१ साइन((२पाय÷३६५)(एक्स − ८०)) + १२.१

अपूर्णांकाभोवती कंस ठेवा. विंडो: एक्स ० ते ३६५, वाय १० ते १४. एक्स-अक्ष दिसणार नाही, कारण शून्य चौकटीच्या बाहेर आहे. ते बरोबरच आहे. इथे कोन डिग्रीमध्ये राहिला तर वर्षभर दिवस जवळजवळ सारखाच दिसेल, आणि मुंबईकराला ते खोटं असल्याचं लगेच कळेल.

दिवस साडेबारा तासांहून मोठा कधी असतो? वाय२ = १२.५ टाका आणि कॅल्कमधला ५ वापरा. पहिली रेषा ‘एंटर’, दुसरी ‘एंटर’, मग कर्सर डावीकडच्या छेदनबिंदूजवळ नेऊन तिसरा ‘एंटर’. सुमारे १०१.६ येतं. उजवीकडच्या बिंदूसाठी सगळं पुन्हा करावं लागतं, तिथे सुमारे २४०.९. म्हणजे साधारण ११-१२ एप्रिल ते २९ ऑगस्ट. अंदाजाच्या वेळी कर्सर न हलवता नुसतं एंटर-एंटर दाबलं तर दोन्ही वेळा एकच उत्तर येतं आणि दुसरं हातचं जातं.

## टप्पा ७: टॅनसाठी वेगळी खबरदारी

टॅनचं आवर्तन पाय÷ब असतं, २पाय÷ब नव्हे. टॅनला आयामही नसतो. कागदावर आधी अनंतस्पर्शी रेषा काढा, म्हणजे ज्यांच्या जवळ जाताना आलेख अमर्याद वर किंवा खाली जातो त्या उभ्या रेषा. टॅन(२एक्स) साठी त्या पाय÷४ आणि −पाय÷४ वर येतात, पुढे दर पाय÷२ वर.

झेडस्टँडर्डमध्ये, म्हणजे ‘झूम’ ६ च्या चौकटीत, टॅन काढला तर शाखा जोडणाऱ्या उभ्या रेघा दिसतात. त्या अनंतस्पर्शी रेषा नाहीत. कॅल्क्युलेटरने वरचा बिंदू खालच्याला जोडलाय, इतकंच. झेडट्रिगमध्ये त्या रेषा बरोबर रांगेवर येतात, तिथे किंमतच मिळत नाही आणि जोडणी तुटते. खात्री करायची असेल तर ‘मोड’मध्ये ठिपक्यांचा पर्याय निवडा. सीईवर ‘सेकंड’ आणि ‘झूम’मधल्या ‘फॉरमॅट’मध्ये अनंतस्पर्शी रेषा ओळखण्याची सोय आहे. ती चालू ठेवा.

## टप्पा ८: पडद्यावरून उत्तरपत्रिकेत

पडद्यावरच्या पायऱ्या-पायऱ्यांची नक्कल करू नका. आधी मध्यरेषा तुटक काढा, टप्पा २ चे पाच बिंदू मांडा आणि गुळगुळीत वक्राने जोडा. शिखर टोकदार नको. अक्षांना नावं, शिखर आणि तळाचे निर्देशक, टॅन असेल तर अनंतस्पर्शी रेषा तुटक.

उत्तर किती अंकांत द्यायचं हे परीक्षेवर ठरतं. वेगळं काही सांगितलं नसेल तर आयबीत तीन सार्थ अंक, एपीत दशांश चिन्हानंतर तीन स्थळं. आपलं पहिलं शिखर आयबीत १.३१ आणि एपीत १.३०९. मधल्या पायरीत मात्र कुठेच पूर्णांकन करू नका.

शेवटचं, परीक्षेच्या दिवशीचं. कॅल्क्युलेटर परीक्षेच्या मोडमध्ये टाकताना येणाऱ्या पडद्यावर कोनाच्या एककाचीही ओळ असते. आदल्या रात्री लावलेलं रेडियन तिथे बदलू शकतं. ती ओळ वाचा, आणि कॅल्क्युलेटर सुरू झाल्यावर साइन(पाय÷२) पुन्हा एकदा काढा. १ आलं की प्रश्नपत्रिका उघडा.